ऊयफालुशी मूळचे कुठले

डेल्फ्ट या डच गावातल्या त्या घराचा जिना इतका उभा होता, की उतरताना भिंतीला बांधलेली जाड दोरी धरावी लागे. मी अगदी वर, कौलांखालच्या खोलीत राहत असे. तळमजल्यावर घरमालकीण मार्गितबाई, आणि मधल्या मजल्यावर त्यांच्या दिवंगत नवऱ्याची पुस्तकं आणि एक बेसूर पियानो. विद्यापीठ सुरू होतं तोवर मी सकाळी सायकल काढून जायची ती संध्याकाळी परतायची. घरमालकीण आणि भाडेकरू यांच्यात जेवढं बोलणं व्हावं तेवढंच आमच्यात होई. कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, अंघोळीचं गरम पाणी किती वेळ पुरतं. मग साथ आली, वर्ग लॅपटॉपमध्ये शिरले, आणि त्या उंच अरुंद घरात आम्ही दोघीच उरलो. चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा दर पाव तासाने एक सूर वाजवत. रस्ता गजबजलेला असताना तो मला कधी ऐकूच आला नव्हता. आता तो पाठ झाला. कालव्यातल्या काळ्या पाणकोंबड्यांची भांडणं, समोरच्या घरात कुणीतरी रोज करत असलेल्या व्यायामाची धपधप, आणि खाली स्वयंपाकघरात मार्गितबाईंनी चिरायला घेतलेल्या कांद्याचा आवाज, सगळं माझ्या खोलीपर्यंत चढून येऊ लागलं.

समोरासमोर मी त्यांना नुसतं 'मार्गित' म्हणत असे, कारण तिथे तीच पद्धत. पण आईहून मोठ्या बाईला अशी नावाने हाक मारताना दर वेळी जीभ अडखळायची, म्हणून मनातल्या मनात मी 'बाई' जोडून घ्यायची. इथेही तसंच लिहिते. मी पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले. त्यामुळे इंग्रजी बरं होतं हे खरं, पण बोलण्याची भीड कुठल्याच माध्यमात गेली नव्हती. वर्गात प्रश्न विचारायचा असला तर मी तो आधी लिहून काढायची, आणि लिहून होईपर्यंत तास संपलेला असायचा. माणसांकडे बघायला मात्र मला आवडे. मार्गितबाई कांदा परतताना स्वतःशी काहीतरी पुटपुटत आणि ती भाषा डच नाही, हे मला लवकर कळलं होतं. विचारलं नव्हतं, एवढंच.

आमच्यातलं अंतर मिटलं ते एका मार्कशीटमुळे. विद्यापीठाला माझ्या जुन्या गुणपत्रिकेची प्रत हवी होती आणि घरातला एकमेव प्रिंटर स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी असे. कागद बाहेर आला तो त्यांच्या हातात. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, पिंपळगावकर अनघा श्रीकांत, आणि यातलं माझं नाव कुठलं ते विचारलं. तोवर त्या मला सगळ्या डचांसारखं 'आनाखा' म्हणत. मी सांगितलं की आमच्याकडे शाळेच्या कागदांवर आडनाव आधी येतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. त्या खुर्चीवर बसल्या.

"आमच्याकडेही आडनाव आधी," त्या म्हणाल्या. "मी हंगेरियन आहे. कुणी विचारत नाही, म्हणून सांगायची वेळ येत नाही."

मग त्यांनी माझ्या मार्कशीटच्या मागेच पेन्सिलीने लिहून दाखवलं: ऊयफालुशी मार्गित. ऊय म्हणजे नवं, फालू म्हणजे गाव, आणि शेवटचा 'शी'कार लागला की त्या गावचे. नव्या गावचे. माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, "म्हणजे नवगावकर." हे काय म्हणून त्यांनी विचारलं. मी 'कर' समजावून सांगितला. माझ्याही आडनावात तो आहे आणि पिंपळगाव हे एक गाव आहे हे सांगितलं. त्यांनी 'नवगावकर' जिभेवर घोळवून पाहिलं आणि पसंत असल्यासारखी मान हलवली. त्या दिवसापासून आमचं जेवण एका टेबलावर सुरू झालं. टेबल लांब होतं. दोन टोकांना दोघी, मागचं दार उघडं, मांडीवर शाली.

त्यांच्या ओट्यावर पपरिकाचा, म्हणजे तिकडच्या लाल मिरचीच्या सौम्य पुडीचा, पत्र्याचा डबा असे. तो त्या आपल्याकडे मीठ वापरतात तसा वापरत. कांदा, ढोबळी मिरची आणि टोमॅटो मऊ होईपर्यंत शिजवून त्या एक भाजी करत, ती मला भाकरीशी फार आवडली असती. भाकरी नव्हती, पाव होता. मी पोहे केले. हिंगाला जुन्या कपाटाचा वास येतो असं त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा पोहे वाढून घेताना त्यांवर पपरिका भुरभुरवली. आता माझ्या घरात पोह्यांवर ती असतेच. पुण्याच्या पाहुण्यांना ते चालत नाही.

लात्सी हा मार्गितबाईंचा थोरला भाऊ. तो गावाच्या कडेच्या एका वृद्धसेवागृहात होता. काही वर्षांपूर्वी त्याला विसर पडू लागला. आधी वार गेले, मग शेजारी गेले, आणि मग आयुष्यभर बोललेली डच भाषाच गेली. उरली फक्त लहानपणची हंगेरियन. मार्गितबाई रोज दुपारी सायकलने जाऊन त्याला स्वतःच्या हाताने भरवत. त्या कोण हे त्याला दर वेळी आठवायचंच असं नाही, पण रोजचा हात ओळखीचा होता आणि तो जेवायचा. साथीत सेवागृहाची दारं बंद झाली. आता त्याच्यासमोर तोंड झाकलेल्या अनोळखी मुली चमचा धरत. तो तोंड उघडत नसे. तो प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा आणि तिला त्याची भाषा येत नसायची.

बागेच्या बाजूने, काचेबाहेर उभं राहून भेटायची परवानगी मिळाली, तेव्हा मार्गितबाईंनी मला सोबत नेलं. आतल्या नर्सचा फोन आणि बाहेरचा फोन जोडून देणं, एवढंच माझं काम. नर्सने फोन लात्सीच्या कानाशी धरला. खुर्चीतला म्हातारा उंच होता, आणि सदरा त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. त्याने काचेतून बहिणीकडे बघून तो प्रश्न विचारला. अर्थ मला नंतर कळला, पण ज्या सुरात विचारला तो सूर मी ओळखला. आत्याच्या गावी पारावर बसलेले आजोबा येणाऱ्याजाणाऱ्या पोरींना त्याच सुरात विचारायचे.

"कुणाची गं तू?"

मार्गितबाईंनी सांगितलं, मी मार्गित. ऊयफालुशी मार्गित. म्हातारा वैतागला. इथे सगळेच ऊयफालुशी आहेत, तो म्हणाला, तू कुणाची? त्यांनी सांगितलं, योझेफची. कुठला योझेफ, असं म्हणून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ते दुसरं वाक्य, इथे सगळेच ऊयफालुशी, हे आम्ही दोघींनी त्याच्या आजाराच्या खाती टाकलं. अख्ख्या डेल्फ्टमध्ये त्या आडनावाची दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक काचेबाहेर उभं होतं.

नर्स बाहेर येऊन लांबूनच बोलली. वजन उतरतंय, डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर नळ्या लावून त्याचे हाल करायचे नाहीत, तुम्ही विचार करून ठेवा. परतीच्या वाटेवर मार्गितबाई सायकल हातात धरून चालत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी कोटही न काढता कांदा चिरायला घेतला आणि पाठमोऱ्याच बोलल्या. "त्याला घरच्या माणसाच्या हातचं हवंय. आणि मी घरची आहे हे मला त्याला पटवून देता येत नाही."

घर कुठलं, हेच त्यांना माहीत नव्हतं. त्या तीन वर्षांच्या असताना त्यांच्या देशात रणगाडे आले आणि आईवडील दोन मुलांना घेऊन हिवाळ्यात सीमा ओलांडून निघाले. लात्सी दहा वर्षांनी मोठा, त्याला सगळं आठवत होतं. मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होऊ नये म्हणून निर्वासितांच्या छावणीत वडिलांनी गावाचं नाव सांगितलंच नाही. शेवटी ते स्वतः जिथे कामाला जात त्या कारखान्यांच्या शहराचं नाव चौघांचंही जन्मगाव म्हणून देऊन टाकलं. पुढे ते गावाविषयी बोलत ते फक्त 'गाव' म्हणून, जणू जगात तेवढं एकच आहे. मार्गितबाई शाळेत जाऊ लागल्या आणि घरी डचमध्ये उत्तरं देऊ लागल्या. लात्सी हंगेरियनमध्ये विचारायचा, त्या डचमध्ये सांगायच्या. न्यूनेन या डच गावात माझी दूरची बहीण राहते, तिची मुलं अजून असंच करतात. मराठीत विचारलेलं सगळं त्यांना कळतं आणि उत्तर येतं ते डचमध्ये. मी त्यांना रागावत नाही. पण त्यांना मधूनच गावांची नावं सांगून ठेवते.

मी त्या संध्याकाळी म्हटलं की आपण शोधू. एवढं ठामपणे मी तोवर कुणाशीच काही बोलले नव्हते. आडनावावरून गाव ओळखणं आमच्याकडे सगळ्यांनाच येतं, असंही सांगून टाकलं. आणि ते खरंच होतं. आमच्याकडे नव्या माणसाचं आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न 'मूळचे कुठले' हाच असतो. साताऱ्याचे सातारकर, चिपळूणचे चिपळूणकर. ऊयफालुशी म्हणजे ऊयफालूचे. नकाशावर ऊयफालू शोधायचं आणि तिथे विचारायचं, यात अवघड काय, असं मला वाटलं.

पहिली अडचण म्हणजे ते आडनाव एका रूपात राहायला तयार नव्हतं. हंगेरीतल्या अक्षरांवर बारीक रेघा असतात. छावणीतल्या कारकुनाच्या टाइपरायटरवर त्या नव्हत्या, म्हणून डच कागदांवर त्या गळाल्या. वडिलांचा एक भाऊ कॅनडाला गेला, त्याने लोकांना उच्चार कळावा म्हणून स्पेलिंगच बदललं. जर्मन लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी मधे त्यांच्या पद्धतीने तीन अक्षरं घुसवली होती. जुने पाद्री कधी एक एस लिहीत, कधी दोन, आणि शेवटी कधी आय तर कधी वाय. वाय असला की जमीनदारी थाट, असं मार्गितबाईंचे वडील म्हणायचे, आणि आपण आयवाले आहोत हे हसून सांगायचे. मी लॅपटॉपवर सगळी रूपं एकाखाली एक मांडली आणि मला घरच्यासारखं वाटलं. माझ्या पासपोर्टवर एक पिंपळगावकर आहे, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, आणि बाबांच्या बँकेत तिसरं, त्यात 'न' नाही.

आडनावं हुडकणाऱ्यांचा एक इंटरनेटवरचा गट मला सापडला. तिथे एर्झी नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या, हंगेरीत राहणाऱ्या, इंग्रजी येणाऱ्या, आणि साथीमुळे घरात कंटाळलेल्या. त्यांनी मला या आडनावांची बाराखडी शिकवली. कोवाच म्हणजे लोहार, साबो म्हणजे शिंपी, मोलनार म्हणजे पिठाच्या चक्कीवाला. नेमेत म्हणजे जर्मन, होर्वात म्हणजे क्रोएशियाचा. मी हे सगळं जेवताना मार्गितबाईंना सांगायची. त्यांना त्यातलं बरंच माहीत असायचं, पण मी बोलतेय म्हणून त्या ऐकत. कधीकधी एखादं आडनाव ऐकून त्यांना लहानपणीचा एखादा माणूस आठवे, ज्याचं नाव त्यांनी कधी फोडून पाहिलेलं नव्हतं. एकदा त्या बराच वेळ हसल्या. वडिलांच्या ओळखीच्या एका फार बारीक माणसाचं आडनाव 'जाडा' होतं, हे त्यांना साठ वर्षांनी कळलं होतं.

पण गाव मिळेना. ऊयफालू एक नव्हतं. नदीकाठचं ऊयफालू, डोंगराकडचं ऊयफालू, संताच्या नावाचं ऊयफालू; आपल्याकडे जशी जिल्ह्याजिल्ह्याला पिंपळगावं असतात तशी. सीमा ओलांडून निघाले म्हणजे गाव सीमेजवळचं असणार, अशा हिशेबाने मी त्यांतली पश्चिमेकडची निवडली आणि एर्झीबाईंनी दुरुस्त करून दिलेल्या हंगेरियनमध्ये एकेका चर्चला ईमेल पाठवायला लागले. उत्तरं येत, आणि फार सभ्य येत. या आडनावाचं कुणी आमच्याकडे नाही. स्मशानातही नाही. असल्याचं कुणाला आठवत नाही. तिकडे मार्गितबाई काचेपाशी जाऊन येत. लात्सी विचारायचा, त्या काहीतरी सांगायच्या, तो तोंड फिरवायचा. परतल्यावर त्या मला काही विचारत नसत, फक्त लॅपटॉपकडे बघत. मला ते बघणं चुकवता येईना, म्हणून मी जेवण वर नेऊ लागले.

रविवारी पुण्याचा व्हिडिओ कॉल असे. मी घरी फारसं सांगायची नाही. आई काळजी करते, बाबा चेष्टा करतात. पण त्या रविवारी बाबांनी, काय गं अनू, चेहरा का असा उतरलाय, म्हणून विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. लात्सी, काच, वजन, आणि सगळ्या नव्या गावांनी कसं नाही म्हटलं ते. बाबा आधी ऐकत होते, मग त्यांच्या मिशीत हसू यायला लागलं.

"अगं, पिंपळगावात पिंपळगावकर कुठून असणार? तिथे सगळेच पिंपळगावचे. उद्या आपण सगळे घरात बसलोय आणि मी तुझ्या आईला 'अहो पुणेकर' म्हणून हाक मारली, तर काय म्हणेल ती?"

आई मागून म्हणाली, काय म्हणेन ते तुम्हाला माहितीये.

बाबांनी सांगितलं ते मी जन्मभर पिंपळगावकर असून कधी विचारलंच नव्हतं. गावात आपल्या घराला नुसतं वरच्या आळीचे म्हणत. पणजोबा गाव सोडून नाशकाला आले, तेव्हा लोकांनी विचारलं कुठले, ते म्हणाले पिंपळगावचे. झाले पिंपळगावकर. "सोडलेलं गाव नाव देत नाही गं," बाबा म्हणाले. "आपण पोचतो ते गाव देतं." मी खाली मान घालून शेजारची यादी चाळू लागले. एर्झीबाईंची बाराखडी माझ्या डोक्यात उलटी फिरू लागली. जर्मनीत कुणाला 'जर्मन' म्हणून आडनाव पडेल का? नेमेत हे नाव हंगेरीत पडलं, कारण तो तिथे परका होता. ऊयफालुशी हे नाव ऊयफालूत पडणं शक्यच नव्हतं. ते दुसऱ्याच कुठल्या तरी गावात पडलं होतं, जिथे ऊयफालूची माणसं येऊन राहिली होती. आम्ही इतके दिवस जे गाव ते सोडून गेले त्याचं दार वाजवत होतो.

बाबांना वाटलं मी हिरमुसले. म्हणून त्यांनी पुढची चेष्टा केली. "त्यांचं कुलदैवत विचार. देव सापडला की गाव सापडतं." आई म्हणाली, ख्रिश्चनांना कसलं आलंय कुलदैवत. त्यावर बाबा म्हणाले, मग जत्रा तर असेल कसली तरी.

मी दोरी धरून धडाधड खाली उतरले. मार्गितबाई रेडिओ ऐकत होत्या. त्यांना जत्रा कशी समजवायची ते मला सुचेना. मी म्हटलं, देवळाचा असा वार्षिक दिवस, ज्या दिवशी बाहेरगावी गेलेली माणसंही घरी येतात. असा दिवस तुमच्या घरी होता का, जो इथल्या शेजाऱ्यांकडे नव्हता? त्यांनी रेडिओ बंद केला. मग सांगू लागल्या त्या सलग.

सप्टेंबर संपत आला की एका रविवारी आई हंस भाजायची. खसखस भरलेलं पातळ पदराचं पक्वान्न करायची. त्यासाठी पीठ अख्ख्या टेबलभर ताणलेलं असे आणि मुलांना त्या खोलीत जायची बंदी. वडील टाय बांधायचे. एरवी ते फक्त लग्नाला आणि मयताला टाय बांधत. टेबलावर जास्तीची ताटं मांडली जायची, आणि दुपारभर वडील खिडकीपाशी बसून रस्त्याकडे बघायचे. कुणीच यायचं नाही. संध्याकाळी आई जास्तीची ताटं न धुताच परत ठेवायची, कारण ती खरकटी झालेलीच नसत. मार्गितबाईंना वाटायचं आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस असेल. "ते पाहुण्यांची वाट बघत होते," त्या सावकाश म्हणाल्या. "जत्रेला गावाहून येणाऱ्या पाहुण्यांची. इथे, डेल्फ्टमध्ये."

मी त्याच दिवशी एर्झीबाईंना उलटा प्रश्न पाठवला. ऊयफालू कुठे आहे ते नको. ऊयफालुशी आडनावाची माणसं इतकी दाट कुठे आहेत, की त्या गावाला त्यांचा कंटाळा यावा? आणि त्यातल्या कुठल्या गावची जत्रा सप्टेंबरच्या अखेरीस असते? त्यांचं उत्तर लगेच आलं. हे आधी का नाही विचारलंस, हे पहिलंच वाक्य. देवदूत मिखाएलाचं चर्च, बोरूच्या बेटांनी भरलेल्या एका तळ्याकाठचं गाव. कधीकाळी ते ओसाड पडलं होतं, आणि लांबच्या एका नव्या गावातून आलेल्या लोकांनी ते पुन्हा वसवलं. गावाच्या नावात नवं काहीच नाही. मी ते इथे लिहीत नाही. अजून तिथे त्यांची माणसं आहेत.

पुढचं काम एर्झीबाईंनी फोनवर केलं, आणि आम्हाला तो फोन लॅपटॉपवर ऐकवला. गावातल्या चर्चच्या किल्ल्या ज्या बाईकडे असत ती बोलत होती, आणि मार्गितबाई मला तुकड्यातुकड्यांनी अर्थ सांगत होत्या. ऊयफालुशी? त्या बाईने हसून विचारलं, कुठले? इथे निम्मं गाव ऊयफालुशी आहे, आडनावाने इथे पोस्टमनसुद्धा विचारत नाही. घंटावाले, तांबडे, की करकोचेवाले? एर्झीबाईंनी सांगितलं: योझेफ, सुतार, डावा पाय ओढत चालणारा, मुलगा लात्सी. मग ती बाई म्हणाली की तिच्या आईकडून ऐकलंय, योशका सुताराने (योझेफला गावात योशकाच म्हणत) छपरावर बैलगाडीचं चाक आडवं बसवलं होतं, करकोच्यांना घरटं करता यावं म्हणून. ते चाक पुष्कळ वर्षं होतं. करकोचेवाले योशका, गोयाश योशका. ते एका रात्रीत गेले, आणि कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही.

फोन संपल्यावर मार्गितबाईंनी तो शब्द म्हणून पाहिला. गोयाश. मग पुन्हा. इथे सगळेच ऊयफालुशी आहेत, हे लात्सीचं बोलणं त्यांना त्या क्षणी आठवलं असावं, कारण त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. तो बरोबर उत्तर मागत होता आणि पुरेसं सोपं करून मागत होता. दुसऱ्या दिवशीच्या भेटीची वेळ मागून घेतली. सकाळभर त्या घरात फिरत होत्या आणि मधेच थांबून मला विचारत होत्या, एवढ्या वर्षांनी माझ्या तोंडून ते त्याला तिथलं वाटेल का. मला हंगेरियन येत नव्हतं. मी म्हटलं, वाटेल.

सेवागृहाच्या बागेत ऊन होतं. नर्सने खुर्ची काचेपर्यंत आणली, शेजारी सूपचा वाडगा ठेवला आणि फोन धरला. मागच्या भेटीपेक्षा लात्सी आणखी आत गेल्यासारखा दिसत होता. त्याने बहिणीकडे बघितलं आणि विचारलं.

"कुणाची तू?"

"गोयाश योशकाची."

तो बघत राहिला. मग त्याचा चेहरा हलला, आणि त्याने विचारलं, करकोचे आले का? आले, मार्गितबाई म्हणाल्या. मग तो भराभर बोलू लागला. त्याने त्यांना तेरेझ म्हणून हाक मारली. तेरेझ त्यांची आत्या, गावातच राहिलेली. मार्गितबाईंनी चूक दुरुस्त केली नाही. त्याने भुवया उंचावून सूपवाल्या नर्सकडे बोट केलं, आणि ही कुणाची? मार्गितबाईंनी सांगितलं, ती आपल्यातलीच, तांबड्यांकडची. नर्सचे केस खरोखरच तांबूस होते. लात्सीने मान डोलावली आणि तोंड उघडलं. चमच्यामागून चमचा जाऊ लागला. मार्गितबाई काचेला हात लावून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाल्या, "बहीण नाही झाले, आत्या झाले. चालेल."

तो त्यानंतर पुढच्या हिवाळ्यापर्यंत होता. जेवत होता. 'मी तांबड्यांकडची', तेवढं एक हंगेरियन वाक्य त्या नर्सने पाठ केलं आणि सुट्टीवर जाताना ते दुसरीला शिकवून ठेवलं.

पण त्या दुपारी वाडगा रिकामा झाल्यावर त्याची नजर मार्गितबाईंच्या खांद्यावरून मागे, माझ्यावर येऊन थांबली. त्याने काहीतरी विचारलं. मार्गितबाई वळल्या आणि फोन माझ्यापुढे केला. तुला विचारतोय, त्या म्हणाल्या. एरवी अशा वेळी मी काय बोलायचं ते मनात आधी लिहून काढलं असतं. पण हा प्रश्न मला लहानपणापासून येत होता आणि त्याचं उत्तरही. मी म्हटलं, "श्रीकांतची."

म्हाताऱ्याने ओळख पटल्यासारखी मान हलवली आणि बोट माझ्याकडे रोखून एक लांबलचक वाक्य बोलला. मार्गितबाई काचेला टेकून हसायलाच लागल्या, डोळे पुसत हसल्या, आणि सायकली काढेपर्यंत त्यांना मला अर्थ सांगता आला नाही. तो म्हणाला होता, ओळखतो मी त्याला. बापाला सांग, आमची शिडी नेलीय, ती परत आणून दे.

संध्याकाळी मी घरी फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा दिला. बाबा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "राहूनच गेली बघ. उद्या सकाळीच पोचवतो म्हणावं."